विकत घेतलेले सुलतान

इ.स. 833 मध्ये गादीवर आलेल्या खलिफा अल-मुतासिमला जुन्या फौजांचा भरवसा वाटत नव्हता. अरबांना आपापल्या टोळ्या होत्या, खुरासानी शिपायांना आपले सेनानी. प्रत्येकाच्या पाठीशी भाऊबंद उभे. खलिफा होण्याआधीपासूनच तो मध्य आशियातले तुर्क तरुण विकत घेऊन पदरी ठेवत होता. बगदादमध्ये त्यांचे ना गोत, ना जमीनजुमला. धन्यावाचून कोणी नाही, म्हणून ते धन्याचेच राहतील, हा त्यामागचा हिशेब. गुलामांच्या हाती शस्त्र देणे नवे नव्हते. लष्कराचा कणाच त्यांचा करणे नवे होते. शहरवासीयांचे आणि या घोडेस्वारांचे पटेना, तेव्हा 836 मध्ये त्याने राजधानी समर्राला हलवली.

पंचवीस वर्षांत हिशेब उलटला. 861 मध्ये तुर्क पहारेकऱ्यांनी खलिफा अल-मुतवक्किलला ठार केले, आणि पुढच्या नऊ वर्षांत चार खलिफा होऊन गेले. तरी प्रथा मोडली नाही. गझनीचा सबुक्तगीन आणि दिल्लीचे ऐबक, इल्तुतमिश हे याच वाटेने वर आले.

ही प्रथा पूर्णत्वाला गेली कैरोत. मुसलमानाला गुलाम करता येत नसे, म्हणून मुले बाहेरून आणावी लागत. मंगोल स्वाऱ्यांनी उद्ध्वस्त झालेल्या किपचाक प्रदेशातली मुले बाजारात आली, तेव्हा सुलतान अल-सालिह अय्यूबने ती मोठ्या संख्येने घेतली आणि नाईलमधल्या रोडा बेटावर त्यांच्या बराकी बांधल्या. तिथे आधी धर्मशिक्षण, मग घोडा, भाला, धनुष्य. शिक्षण पुरे झाले की मुक्ती मिळे, सोबत घोडा आणि हत्यारे. विकत घेणारा धनी तो ‘उस्ताद’ आणि बरोबर वाढलेले ते ‘खुश्दाश’. आईबापांपासून तोडलेल्या या मुलांनी बराकीत दुसरे भाऊबंद जोडले. मुतासिमने जे टाळायला पाहिले, तेच पुन्हा उभे राहिले. मला या साऱ्या इतिहासाचे मर्म इथे दिसते.

अय्यूब वारल्यावर त्याचा मुलगा तुरानशाह स्वतःची माणसे पुढे आणू लागला. 1250 मध्ये बापाच्या ममलूकांनी, म्हणजे विकत घेऊन घडवलेल्या या शिपायांनी, त्याला मारले आणि अय्यूबची विधवा शजर अल-दुर हिला गादीवर बसवले. तीही मूळची गुलामच. दहा वर्षांनी ऐन जालूत इथे याच ममलूकांनी मंगोलांचा पराभव केला. त्या लढाईत गाजलेला आणि लगेच सुलतान झालेला बैबर्स लहानपणी बाजारात विकला गेलेला होता. त्याच्यानंतरच्या कलावूनला ‘अल्फी’ म्हणत, कारण त्याची किंमत हजार दिनार पडली होती. या पराक्रमांचे कौतुक करताना त्याच बाजारातून गेलेली, ज्यांची नावेही उरली नाहीत अशी असंख्य पोरे विसरणे मला अन्यायाचे वाटते.

ममलूकाचा मुलगा जन्मतःच मुसलमान आणि मुक्त, त्यामुळे तो सहसा ममलूक होत नसे. सुलतानांची मुले गादीवर बसत, पण बहुतेकदा सत्ता अमिरांच्या हाती राही. प्रत्येक पिढीला नवी मुले विकत आणावी लागत. 1382 नंतर राज्य प्रामुख्याने चेर्केस ममलूकांकडे गेले आणि 1517 मध्ये ते उस्मानी तुर्कांनी संपवले.

दख्खनमधली रीत वेगळी पडली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला, त्याने खडकी शहर वसवले. 1626 मध्ये तो वारल्यावर त्याची जागा त्याचा मुलगा फत्तेखान याने घेतली. कैरोतल्या अमिराच्या मुलाला हे सहसा साधत नसे.