माळेचे मणी आणि महिन्याचे दिवस

माळ म्हटली म्हणजे जपाची माळ डोळ्यांपुढे उभी राहते, किंवा वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची. परंतु १९५२ च्या सुमारास दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील रामनगरम् या गावी विवाहित स्त्रियांच्या हाती एक निराळीच माळ देण्यात आली. तिच्यात हिरवे मणी होते आणि लाल मणी होते. ऋतुप्राप्तीपासून रोज एक मणी पुढे सरकवावयाचा. हिरवा मणी आला तर पतिपत्नींच्या समागमास हरकत नाही, लाल आला तर संयम पाळावयाचा. पाळणा लांबविण्याचा हा उपाय होता. स्वतंत्र भारताच्या कुटुंबनियोजनाचे पहिले पाऊल या मण्यांवरून पडले, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

या माळेमागील कल्पना मात्र जुनी आहे. महिन्यातील काही दिवस गर्भधारणेस अनुकूल असतात हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. मनुस्मृतीने स्त्रीचा ऋतुकाल सोळा रात्रींचा सांगितला, सुश्रुताने तो बारा रात्रींचा मानला. दिवस मावळताच कमळ मिटते, तसे ऋतुकाल सरल्यावर गर्भाशय मिटते अशी उपमाही त्याने योजली. परंतु हा सारा विचार संतती व्हावी म्हणून होता, ती टळावी म्हणून नव्हे. शिवाय मोजणी होती ती पाळीच्या आरंभापासून पुढे.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाची समजूत तर याहून घातक ठरली. जनावरांचा माज आणि स्त्रीचा ऋतुस्राव एकच, असे अनेक विद्वान डॉक्टर मानीत. त्यामुळे पाळीच्या आगेमागे गर्भ राहतो आणि दोन पाळ्यांमधले दिवस निर्धोक, असा सल्ला दिला जाई. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. ज्यांनी तो सल्ला निष्ठेने पाळला, त्यांच्याच घरी पाळणा लवकर हलला असेल तर नवल नाही.

हे कोडे उलगडले ते जपानमध्ये. निगाता शहरातील शल्यविशारद क्यूसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्त्रियांची बीजांडे प्रत्यक्ष पाहिली आणि त्यांची सांगड पाळीच्या तारखांशी घातली. त्यांनी मोजणीची दिशाच बदलली. मागची पाळी कधी आली हे न पाहता पुढची कधी आली ते पाहून त्यांनी मागे दिवस मोजले. तेव्हा असे दिसले की, पुढल्या पाळीच्या आधी बाराव्या ते सोळाव्या दिवसांत स्त्रीबीज बाहेर पडते. १९२४ मध्ये हे संशोधन जपानी भाषेत आणि १९३० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस निराळ्या वाटेने जवळजवळ त्याच निष्कर्षाला पोहोचले. स्त्रीबीज एक दिवसाच्या आतबाहेर जगते, पुरुषबीज मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते. म्हणून धोक्याचे दिवस महिन्यात मोजकेच, हे शास्त्राने ठरले.

अडचण एकच होती, पण मोठी होती. पुढची पाळी केव्हा येणार हे आधी कळावे कसे? मागील महिन्यांवरून अंदाज बांधावयाचा, एवढेच हाती राहते. आणि आजारपण, दगदग, बाळंतपण, अंगावरचे दूध, उतरते वय यांपैकी कशानेही तो अंदाज चुकतो. खुद्द ओगिनोंनाच आपल्या शोधाचा असा उपयोग पसंत नव्हता. ज्यांना मूल हवे आहे त्यांच्या कामी तो यावा, संतती टाळण्यास तो भरवशाचा नाही, असे त्यांचे मत होते.

इकडे महाराष्ट्रात संततिनियमनाचा वाद केव्हाच पेटला होता. प्रा. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि त्यापायी नोकरी गमावली, खटले सोसले. दुसऱ्या टोकाला गांधीजींचा ब्रह्मचर्याचा आग्रह होता. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधने गांधीजींनी नाकारली. मात्र सुरक्षित काळाची पद्धत त्यांना तितकी अग्राह्य वाटली नाही, कारण निदान काही दिवस तरी तीत संयम होता.

हा धागा पुढे राज्यकारभारात आला. भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या निष्ठावंत अनुयायी. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लाख रुपये ठेवले गेले, परंतु साधनांना त्यांचे मन अनुकूल नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वतीने न्यू यॉर्कचे डॉ. अब्राहम स्टोन १९५१ च्या अखेरीस भारतात आले आणि सुरक्षित काळाच्या पद्धतीचे प्रयोग ठरले. १९५१ च्या जनगणनेत शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. अशा देशात तारखांचे कोष्टक कोण वाचणार? म्हणून मणी.

प्रयोग हेतूने चांगला होता. पण माळ घराघरांत गेली आणि घराघरांतील जीवन तिला भेटले. रात्रीच्या अंधारात हिरवा मणी कोणता आणि लाल कोणता हे दिसेना; तेव्हा निरनिराळ्या आकारांचे मणी करावे लागले. मणी सरकविला म्हणजेच गर्भ राहत नाही, अशीही काहींची समजूत झाली. जणू तो ताईतच. आणि जेथे विटाळाचे चार दिवस आधीच साऱ्या घराला कळतात, तेथे महिन्याचा उरलेला हिशेबही गळ्यात घालून मिरवावा हे कोणत्या सुनेला रुचावे? सर्वांत अवघड गोष्ट ही की, मणी बायकोच्या हातात होता आणि निर्णय बहुधा नवऱ्याच्या. पद्धत शिकण्यास पुष्कळजणी तयार झाल्या, ती नेटाने पाळणारी जोडपी थोडीच निघाली.

ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे निवर्तले. पुढे सरकारही माळेकडून इतर साधनांकडे आणि शस्त्रक्रियेकडे वळले. १९६५ मध्ये लूप आली. त्यात गैर काही नव्हते. परंतु हळूहळू आकडा मोठा झाला आणि माणूस लहान झाला. १९७६ च्या आणीबाणीतील सक्तीच्या नसबंदीने त्याचे टोक गाठले.

ज्ञानाचा प्रवाह मात्र थांबला नाही. बीजमोचनानंतर शरीराचे तापमान किंचित वाढते, हे आधीच लक्षात आले होते. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन व डॉ. एव्हलिन बिलिंग्ज या दांपत्याने गर्भाशयमुखाच्या स्रावाची लक्षणे ओळखण्याची रीत बसविली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने बंगळूरसह पाच देशांतील पाच ठिकाणी तिची परीक्षा घेतली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शंभरांतील नव्वदांहून अधिक स्त्रिया ही लक्षणे पहिल्याच महिन्यात ओळखू लागल्या. लिहितावाचता न येणारी स्त्रीही आपले शरीर वाचू शकते, हे त्यातून दिसले. मात्र लक्षण ओळखणे वेगळे आणि त्याप्रमाणे दोघांनी वागणे वेगळे.

आणि २००१ च्या सुमारास माळही परत आली. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाने बत्तीस मण्यांची माळ तयार केली: एक लाल, सहा तपकिरी, बारा पांढरे आणि पुन्हा तेरा तपकिरी. पांढरे मणी म्हणजे आठवा ते एकोणिसावा दिवस, जपण्याचे दिवस. ज्यांची पाळी २६ ते ३२ दिवसांच्या आत नियमाने येते त्यांच्यापुरतीच ही पद्धत. तिच्या परीक्षेत, काटेकोर पालन झाले तेव्हा वर्षभरात शंभरी सुमारे पाच स्त्रियांना गर्भ राहिला. सर्वसाधारण वापरात हे प्रमाण बारापर्यंत गेले. शिवाय समागमातून पसरणाऱ्या रोगांपासून कोणतीही माळ वाचवीत नाही.

तरीही या इतिहासात घेण्याजोगे काही आहे. महिन्याची नोंद ठेवणाऱ्या स्त्रीला पाळीतील बिघाड लवकर कळतो, मूल हवे असेल तर योग्य दिवस कळतात आणि डॉक्टरांपुढे नेमके बोलता येते. रामनगरमच्या स्त्रियांना मणी मिळाले. ते का सरकवावयाचे हे पुरते सांगितले गेले नाही, आणि त्यांच्या घरच्या पुरुषांना तर त्याहूनही कमी. पतिपत्नी दोघांनी मिळून तो हिशेब ठेवला, तरच माळेला अर्थ येतो.