रणदिवे, विवेक

(७ ऑक्टोबर १९५७ – ). मुंबईत जन्मलेले अमेरिकन संगणक-उद्योजक आणि एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे प्रमुख मालक. एनबीए संघाची नियंत्रक मालकी मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिले गृहस्थ. बालपण जुहूत गेले. ते वाढले क्रिकेट आणि फुटबॉल पाहत. बास्केटबॉलशी त्यांचा खरा परिचय झाला तो चाळिशी उलटल्यावर, मुलीच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून.

किशोरवयातच त्यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) शिकण्याचा निश्चय केला. प्रवेश मिळाला, पण १९७० च्या दशकात परदेशी फी भरण्यासाठी डॉलर मिळणे हे प्रवेशापेक्षा अवघड होते. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या कार्यालयाबाहेर ठिय्या देऊन त्यांनी परकीय चलनाची परवानगी मिळवली. एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीच्या दोन पदव्या आणि हार्वर्डमधून एमबीए झाल्यावर १९८० च्या दशकात त्यांनी टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढली. संगणकाच्या आतले निरनिराळे भाग ‘बस’ नावाच्या एका सामाईक वाहिनीवरून एकमेकांशी बोलतात. हीच युक्ती त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये आणली. शेअर बाजारात भाव हलला की ज्याला त्याची गरज आहे त्याच्या पडद्यावर तो आपसूक आणि त्याच क्षणी उमटावा, अशी ती रचना होती. वॉल स्ट्रीटवरच्या दलालांच्या टेबलांवर तोपर्यंत वेगवेगळ्या पडद्यांची गर्दी असे. ती या तंत्राने हटली. रॉयटर्सने १९९४ मध्ये टेक्नेक्रॉन विकत घेतली आणि १९९७ मध्ये तिच्यातूनच टिबको ही कंपनी उभी राहिली. २०१४ मध्ये टिबको सुमारे ४.३ अब्ज डॉलरला विकली गेली.

रेडवुड सिटीचा संघ. कॅलिफोर्नियातील रेडवुड सिटीत बारा वर्षांच्या आसपासच्या मुलींचा एक संघ होता आणि रणदिवे यांची मुलगी अंजली त्यात खेळत असे. मुली फार उंच नव्हत्या, बहुतेकींना लांबून नेमका फेकही जमत नव्हता. संघ हाती घेतल्यावर रणदिवे यांना एक गोष्ट कोड्यात टाकू लागली. बास्केटबॉलचे कोर्ट ९४ फूट लांब. गुण झाला की अमेरिकी संघ धावत आपल्या टोपलीपाशी परततात आणि प्रतिस्पर्ध्याला बहुतेक कोर्ट बिनविरोध ओलांडू देतात. लढत होते ती शेवटच्या चोवीसेक फुटांत. उरलेले सत्तर फूट फुकट का सोडायचे, हा त्यांचा प्रश्न होता. लहानपणापासून हा खेळ पाहिलेल्या माणसाला तो सहसा पडत नाही.

उत्तर त्या पातळीवरच्या खेळाच्या नियमांतच होते. गुण झाल्यावर चेंडू रेषेबाहेरून पाच सेकंदांत आत टाकावा लागतो आणि दहा सेकंदांत अर्धे कोर्ट ओलांडावे लागते. रेडवुड सिटीच्या मुली समोरच्यांना या दोन्ही टप्प्यांवर गाठू लागल्या. चेंडू आत टाकणारीला मोकळी जोडीदारीण दिसत नसे, घाईत चेंडू भलत्याच हाती पडे, आणि टोपलीच्या अगदी जवळ हिसकावलेला चेंडू आत टाकायला फारसे कौशल्य लागत नसे. ‘फुल कोर्ट प्रेस’ या नावाने ही चाल जुनीच आहे; प्रत्येक सामन्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच खेळायची, हे मात्र नवे होते. त्यासाठी मुलींकडून धावण्याचा कसून सराव करून घेतला गेला. माजी अमेरिकन फुटबॉलपटू रॉजर क्रेग आणि त्यांची बास्केटबॉलपटू मुलगी रोमेट्रा यांची मदत मिळाली. संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये या संघावर लिहिले, पुढे ‘डेव्हिड अँड गोलायथ’ (२०१३) या पुस्तकातही ही हकीकत घेतली आणि रणदिवे यांचे नाव संगणक-उद्योगाबाहेर पोहोचले.

प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांना ही चाल मुळीच रुचली नाही. या वयात मुलींनी चेंडू हाताळायला शिकायचे असते, त्यांना शिकूच न देता गुण लुटणे हा खेळ नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. ती निराधार म्हणता येणार नाही. पण उंची आणि वर्षानुवर्षांचा सराव ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मैदानात उतरायचे तरी कशाच्या बळावर, या प्रश्नाला त्या मुलींनी श्रमाने उत्तर दिले, आणि प्रस्तुत लेखकाला ते मोलाचे वाटते.

संघमालक. २०१० मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स हा एनबीए संघ विकत घेणाऱ्या गटात रणदिवे सहमालक होते. २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज संघ सिअ‍ॅटलला हलवण्याचा बेत होता. कॅलिफोर्नियाच्या या राजधानीत दुसरा मोठा व्यावसायिक संघ नव्हता. महापौर आणि माजी एनबीए खेळाडू केविन जॉन्सन यांनी संघ शहरातच राहावा म्हणून खटपट केली, लीगच्या मालकांनी स्थलांतर फेटाळले आणि ५३.४ कोटी डॉलर मूल्यांकनाने संघ रणदिवे यांच्या गटाकडे आला. त्यासाठी त्यांना वॉरियर्समधील वाटा सोडावा लागला. २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी गोल्डन वन सेंटर हे नवे क्रीडागृह उघडले.

संघ राहिला, पण जिंकेना. मुलींच्या संघात चाललेला बाहेरच्या माणसाचा डोळा व्यावसायिकांच्या खेळात तसा चालला नाही. चौघांनी बचाव करावा आणि एकाने प्रतिस्पर्ध्याच्या टोपलीपाशी थांबून राहावे, ही त्यांनी सुचवलेली कल्पना टीकेचा विषय झाली. प्रशिक्षक मागून प्रशिक्षक बदलले. २००६ नंतर किंग्जना सलग १६ हंगाम बाद फेरी गाठता आली नाही. लीगच्या इतिहासातील हा सर्वांत लांब दुष्काळ. त्यातील पहिली सात वर्षे आधीच्या मालकांची होती, बाकीची रणदिवे यांच्या खात्यावर जातात. माइक ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली २०२२-२३ मध्ये ४८ सामने जिंकून संघाने हा दुष्काळ संपवला. पहिल्याच फेरीत वॉरियर्सशी गाठ पडली आणि सातव्या सामन्यात वॉरियर्सच्या स्टेफन करीने एकट्याने ५० गुण केले.

मार्च २०१८ मध्ये सॅक्रामेंटो पोलिसांच्या गोळीबारात स्टेफॉन क्लार्क हा नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. निदर्शकांनी क्रीडागृहाची दारे अडवल्याने किंग्जचा सामना जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांपुढे झाला. सामन्यानंतर रणदिवे खेळाडूंसह कोर्टवर आले आणि त्यांनी क्लार्क कुटुंबाविषयी दु:ख व्यक्त करून निदर्शकांच्या हक्काचा आदर केला. ज्यांच्यामुळे आपल्याच सामन्याच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्यांच्या बाजूने संघमालकाने बोलणे ही विरळा घटना होय.

भारताशी संबंध. एप्रिल २०१५ मध्ये किंग्जनी सिम भुल्लर या ७ फूट ५ इंच उंचीच्या, कॅनडातील पंजाबी कुटुंबातल्या खेळाडूला दहा दिवसांचा करार दिला. एनबीएत उतरलेला तो भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. तीन सामन्यांनंतर ते पर्व संपले; पुढे तैवानमध्ये मात्र त्याला चांगली व्यावसायिक कारकीर्द लाभली.

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांच्यात दोन हंगामपूर्व सामने झाले. एनबीएचे हे भारतातील पहिले सामने. पहिल्या दिवशी प्रेक्षकांत सुमारे तीन हजार शाळकरी मुले होती, आणि त्यांना चुरशीचा सामना पाहायला मिळाला : अतिरिक्त वेळेत पेसर्स १३२, किंग्ज १३१. दुसरा सामना पेसर्सनी १३०-१०६ असा सहज जिंकला.

वरळीहून थोड्याच अंतरावर नागपाडा आहे. बास्केटबॉलमधील अर्जुन पुरस्कारविजेते माजी भारतीय कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलेच. रायपूरजवळच्या भिलाईत राजेश पटेल यांनी महिला खेळाडूंच्या पिढ्या घडवल्या, लुधियानाच्या अकादमीतून २०१५ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या निवडीत) निवडला गेलेला सतनाम सिंग आला. भारतातला हा खेळ अशा ठिकाणी, सकाळ-संध्याकाळच्या सरावांवर तगून आहे. मुंबईच्या दोन रात्रींचा झगमगाट त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र त्या शाळकरी मुलांपैकी अनेकांनी त्या दर्जाचा खेळ प्रथमच डोळ्यांदेखत पाहिला, हेही खरे.

ऑगस्ट २०२१ मध्ये लास व्हेगासची समर लीग ही एनबीएची उन्हाळी स्पर्धा किंग्जनी जिंकली, तेव्हा गुरुदासपूर जिल्ह्यातला प्रिन्सपाल सिंग त्या संघात होता. एनबीएच्या छत्राखाली कोणत्याही पातळीवर विजेत्या संघात असलेला तो पहिला भारतीय खेळाडू.