युद्धासाठी लावलेले जंगल आणि सायकलींची वाट

१/ ३१ मार्च २०२५. वेल्समधील ‘कोइद अ ब्रेनिन’ या जंगलातील पर्यटक केंद्राचे उपाहारगृह आणि दुकान बंद झाले. बाहेरच्या सायकलवाटा मात्र खुल्याच राहिल्या. ब्रिटनमध्ये माउंटन बाइकसाठी मुद्दाम आखलेल्या वाटांचे पहिले ‘ट्रेल सेंटर’ याच जंगलात उभे राहिले होते. त्या बंद झालेल्या दाराची कथा शंभर वर्षांपूर्वीच्या लाकडाच्या टंचाईपासून सुरू होते. 🧵

२/ ब्रिटनचे नौदल शतकानुशतके लाकडावर उभे होते. नेपोलियनशी झालेल्या युद्धांपर्यंत जहाजांसाठी लागणारा ओक देशात दुर्मिळ झाला, तेव्हा आरमाराची नजर हिंदुस्थानच्या सागवानाकडे वळली. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. लाकूड बाहेरून येत राहिले, म्हणून स्वदेशी जंगल राखण्याची निकड भासली नाही.

३/ पहिल्या महायुद्धाने ही बेफिकिरी महागात पाडली. खंदकांच्या भिंतींना लाकूड हवे होते. कोळशाच्या खाणींत छत तोलून धरणाऱ्या टेकूंनाही लाकूडच हवे होते. टेकू नाहीत तर कोळसा नाही आणि कोळसा नाही तर कारखाने, रेल्वे व जहाजे ठप्प. जर्मन पाणबुड्यांनी समुद्रमार्ग रोखले, त्या वेळी ब्रिटनची जेमतेम ५ टक्के भूमी वृक्षाच्छादित होती.

४/ १९१६ मध्ये फ्रान्सिस ॲक्लंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार १ सप्टेंबर १९१९ रोजी ‘फॉरेस्ट्री कमिशन’ स्थापन झाले. यातील विसंगती लक्षणीय आहे. हिंदुस्थानात इंग्रज सरकारने डीट्रिश ब्रँडिस यांना वनखात्याचे प्रमुख नेमून शास्त्रीय वनव्यवस्थापनाचा आरंभ केला तो १८६४ मध्ये. म्हणजे वसाहतीत सरकारी वनखाते आधी आले आणि मायदेशात ते ५५ वर्षांनी आले.

५/ या नव्या संस्थेने देशभर जमिनी मिळवण्यास सुरुवात केली. वायव्य वेल्समध्ये डोल्गेथ्लाय गावाच्या उत्तरेस, मौदाख नदीच्या खोऱ्यात, वॉन या जमीनदार घराण्याची मोठी मालमत्ता होती. १९२२ मध्ये तेथील जंगल सरकारकडे आले. १९३५ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणास २५ वर्षे झाली, त्यानिमित्त त्याला ‘कोइद अ ब्रेनिन’ हे नाव मिळाले. वेल्श भाषेत त्याचा अर्थ ‘राजाचे वन’.

६/ ब्रिटनभर अशा जमिनींवर सिट्का स्प्रूससारखे लवकर वाढणारे सूचिपर्णी वृक्ष सरळ रांगांत लावले गेले. परंतु झाड युद्धाच्या घाईने वाढत नाही. तोडणीयोग्य होण्यास त्याला चार-पाच दशके लागतात. ही झाडे भरात आली तोवर खंदकांचे युद्ध इतिहासजमा झाले होते आणि पुढे खाणीही एकामागून एक बंद पडू लागल्या. लाकडाला इतर गिऱ्हाईक मिळाले, तरीही एक प्रश्न उरला. एवढे सरकारी जंगल आता कोणासाठी?

७/ या प्रश्नाचे एक उत्तर सातासमुद्रापार तयार होत होते. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत काही मित्र १९३०-४० च्या दशकांतील जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेत आणि तेथून बेभान वेगाने खाली उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी या उतरणीची पहिली शर्यत लावली. अंतर सुमारे सव्वातीन किलोमीटर, उतार सुमारे ४०० मीटर. घड्याळ चार्ली केली यांच्या हाती.

८/ या शर्यतीचे नाव ‘रीपॅक’. जुन्या सायकलींचा ब्रेक पायडल उलटे दाबून लागे. एका उतरणीत मागच्या चाकाचा हब इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि तो उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. या कटकटीतूनच सुधारणा जन्मली. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी अशा उतारांसाठी नवी सायकल घडवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने व्यवसाय थाटला. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली. मित्रांचा खेळ आता दुकानात विकत मिळू लागला.

९/ सायकल नवी असली तरी ओढ जुनी होती. इंग्लंडमधील लेमस्टर गावच्या एका पबमध्ये १९५५ मध्येच ‘रफ-स्टफ फेलोशिप’ हे मंडळ स्थापन झाले होते. डांबरी रस्ते टाळून डोंगर, दलदल व मेंढपाळांच्या वाटा धुंडाळण्याची हौस असलेले हे सायकलस्वार गरज पडली की सायकल खांद्यावर घेऊन ओढे पार करीत. तथापि ते मूठभर होते. १९८० च्या दशकात माउंटन बाइकमुळे हजारो लोक त्याच वाटांवर उतरले.

१०/ मग संघर्ष अटळ होता. मरीनमध्ये पायी फिरणारे आणि घोडेस्वार संतापले. अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद मार्गांवर वेगमर्यादा आली. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकल नेण्याचा हक्क दिला होता, मात्र पादचारी व घोडेस्वारांना वाट देण्याच्या अटीवर. केवळ पादचाऱ्यांच्या वाटांवर तसा हक्क नव्हता. वेल्सच्या सर्वोच्च स्नोडन शिखरावर तर इतकी गर्दी झाली की मे ते सप्टेंबर, सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत सायकल नेऊ नये, असा ऐच्छिक करार करावा लागला.

११/ त्याच राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील कोइद अ ब्रेनिनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यास वेगळा मार्ग निवडला गेला. फॉरेस्ट्री कमिशनमधील दाविद डेव्हिस यांनी सायकलींना मनाईचा फलक लावण्याऐवजी त्यांच्यासाठीच वाटा बांधण्याचे काम हाती घेतले. सायकलस्वाराला स्वतःची उत्तम वाट मिळाली तर तो दुसऱ्याच्या वाटेवर जाणार नाही, हा त्यामागील सरळ विचार होता. पुढे या कार्याबद्दल त्यांना ‘एमबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

१२/ वाट बांधणे म्हणजे केवळ झुडपे तोडणे नव्हे. डोंगरातील वाटेचा खरा शत्रू पाणी आहे. वाट थेट उताराच्या दिशेने आखली तर पहिल्याच पावसाळ्यात तिचा ओहळ होतो, माती वाहून जाते आणि दगड उघडे पडतात. चिखल टाळण्यासाठी लोक कडेने जाऊ लागतात, म्हणून वाट रुंदावते आणि जंगलाची हानी वाढते. वेल्ससारख्या पावसाळी प्रदेशात हा धोका दुप्पट.

१३/ उपाय असा. वाट डोंगराच्या अंगाने आडवी न्यायची. तिची बाहेरची कड किंचित उतरती ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवर न थांबता ओलांडून जाते. ठरावीक अंतराने उतारात छोटा चढ द्यायचा. तेथे पाण्याचा प्रवाह तुटतो आणि स्वाराचा वेगही आपोआप आवरतो. जेथे माती तग धरत नाही तेथे दगड हाताने उभे रोवून फरसबंदी करायची. कोइद अ ब्रेनिनची खडकाळ वाट आज स्वारांना साहस वाटते, पण तिचे मूळ निचऱ्याच्या या शास्त्रात आहे.

१४/ दुसरी कल्पना माणसांविषयीची होती. वाटांना हिरवा, निळा, लाल आणि काळा असे काठिण्याचे रंग मिळाले. बर्फावरील स्कीइंगमध्ये ही पद्धत आधीपासून रूढ होती. सर्व वाटा वर्तुळाकार, एकाच ठिकाणाहून निघून तेथेच परतणाऱ्या. त्यामुळे मित्रांच्या टोळक्यातील निष्णात स्वार काळ्या वाटेने जातो, नवखा निळ्या वाटेने, आणि दुपारी दोघे चिखलाने माखलेले एकाच टेबलाशी चहाला बसतात. रीपॅकच्या उतारावरील मैत्रीला येथे सार्वजनिक रूप मिळाले.

१५/ हा नमुना लवकरच पसरला. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीने ब्रिटनचे ग्रामीण जीवन कोलमडले. जनावरे मारली गेली, डोंगरवाटा बंद झाल्या, पर्यटकही थांबले. त्यानंतर दक्षिण स्कॉटलंडमध्ये ‘सेव्हन स्टेन्स’ नावाने सात वनकेंद्रांची साखळी आकारास आली. ‘स्टेन’ म्हणजे स्कॉट्स भाषेत दगड. प्रत्येक केंद्राच्या वाटेवर एक कोरीव शिळा उभी आहे. लाकूड व मेंढ्या यांवर जगणाऱ्या खेड्यांना सायकलस्वारांच्या रूपाने उत्पन्नाचा आणखी एक आधार मिळाला.

१६/ परंतु अशी वाट एकदा बांधली की काम संपत नाही. दर हिवाळ्यात झाडे कोसळतात, दगड निखळतात, लाकडी पूल कुजतात. २०१३ मध्ये वेल्सची सरकारी वने ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’ या नव्या संस्थेकडे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने खर्चकपातीसाठी तीन पर्यटक केंद्रांतील उपाहारगृहे व दुकाने बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यांत कोइद अ ब्रेनिन होते. विरोध झाला, केंद्र स्वतः चालवण्याची तयारी स्थानिकांनी दाखवली. तरीही ठरल्या दिवशी टाळे लागले.

१७/ टाळे उपाहारगृहाला लागले, वाटांना नाही. पण ट्रेल सेंटरची मूळ कल्पनाच अशी होती की वेगवेगळ्या वाटांनी गेलेली माणसे एका छताखाली परत यावीत. ते छत नसेल तर जंगलात वाटा उरतात, केंद्र उरत नाही. एरवी क्वचितच घराबाहेर पडणाऱ्या नवख्याला धीर देणारी जागा तीच होती.

१८/ १९२० च्या दशकात तेथे रोपे लावणाऱ्या मजुरांच्या डोळ्यांसमोर पुढचे युद्ध होते, सायकली नव्हत्या. त्यांनी लावलेले वन पुढच्या पिढ्यांच्या हाती वेगळ्याच कामासाठी आले, कारण ते सार्वजनिक मालकीचे होते आणि डेव्हिस यांच्यासारख्या माणसांनी त्यात येणाऱ्यांकडे उपद्रव म्हणून पाहिले नाही. हे केंद्र पुन्हा उघडेल की नाही, हे आता याच दोन गोष्टींवर अवलंबून आहे: जंगलाचा मालक असलेला समाज त्याच्या देखभालीचा खर्च उचलतो का, आणि तेथे जमणाऱ्यांना तो आपले मानतो का.