हँडहेल्ड ट्यूनर घेताय? आधी वऱ्हाडचा उन्हाळा बघा

हँडहेल्ड ट्यूनर म्हणजे गाडीच्या ओबीडी पोर्टला जोडून ईसीयूचा मॅप बदलणारं छोटं यंत्र. घेण्याआधी ते तुमच्या मॉडेलच्या ईसीयूला चालतं का, मूळ फाइल सेव्ह होते का, हे तपासा.

खरी परीक्षा मे महिन्यात. अकोला-अमरावतीत पारा ४५ अंशांपर्यंत जातो. गरम हवेमुळे टर्बो पेट्रोल इंजिनात नॉकिंग वाढतं, म्हणजे इंधन स्पार्कच्या ज्वाळेची वाट न बघता स्वतःच पेटतं. पिस्टनही फुटू शकतो. त्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल प्रत्येक पंपावर मिळत नाही. त्याचा मॅप टाकून वाटेत साधं पेट्रोल भरलं, तर धोका आणखी वाढतो. त्यामुळे जास्त पॉवरचा मोह सोडून साध्या पेट्रोलचाच मॅप निवडा.

फ्लॅश करताना बॅटरी उतरली तर ईसीयू बंद पडू शकतो, म्हणून चार्जर लावून ठेवा. आणि हो, इंजिनच्या वॉरंटीवर पाणी सोडायची तयारीही ठेवा.