थोरल्या भावंडाची शाळा
वडील विद्यार्थ्याने धाकट्यास शिकवावे, ही आपल्या देशी शाळांतील जुनी रीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल याने मद्रासेच्या अनाथालयात ती अवलंबिली व पुढे विलायतेस नेली. १९७९ च्या बालवर्षानिमित्त डॉ. डेव्हिड मॉर्ले आदींनी लंडनहून मुलांकरवी मुलांना आरोग्य शिकविण्याचा उपक्रम आरंभिला, त्याचे मर्मही हेच.

सौंसर-पांढुर्ण्यास त्याचे मोल अधिक. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला. हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. राज्यकारभाराची भाषा हिंदी, घरची मराठी. जुलाबाने कोमेजलेल्या बाळास मीठसाखरेचे पाणी पाजावे, हे सरकारी पत्रकापेक्षा शाळेतून परतलेली थोरली बहीणच आजीला घरच्या बोलीत पटवू शकेल. मात्र पोरांवर धडा सोपवून वडीलधाऱ्यांनी विहिरीच्या स्वच्छतेकडे पाठ फिरवू नये.