‘शर्ली’ या नांवाचें स्थित्यंतर

नांव हें केवळ हांक मारण्याचें साधन नव्हे. तें ठेवणाऱ्यांच्या मनांतील अपेक्षाहि त्यांत दडलेली असते. इंग्रजी समाजांतील ‘शर्ली’ या नांवाचा इतिहास पाहिला म्हणजे ही गोष्ट सहज ध्यानांत येते.

‘शर्ली’ हें मूळचें गांवाचें नांव. त्यावरून तें आडनांव झालें आणि पुढें क्वचित् पुरुषांनाहि देण्यांत येऊं लागलें. १८१६ सालीं जन्मलेले व ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचे संपादक झालेले शर्ली ब्रुक्स हे त्याचें एक उदाहरण.

त्याच सालीं यॉर्कशायरमध्यें शार्लट ब्रॉन्टे हिचा जन्म झाला. ऐन विशींत तिनें आपल्या कविता राजकवि रॉबर्ट साउदी यांच्याकडे अभिप्रायार्थ पाठविल्या. वाङ्मय हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊं शकत नाहीं, असें उत्तर त्यांच्याकडून १८३७ सालीं आलें. १८४६ सालीं शार्लट व तिच्या दोघी बहिणींनीं आपला काव्यसंग्रह छापला, तो करर, एलिस व ॲक्टन बेल या नांवांनीं. उघड पुरुषी नांव घेणें मनाला प्रशस्त वाटेना. आणि लेखिका म्हटली कीं टीकाकारांची दृष्टि दूषित होते, हाहि समज होता. म्हणून हीं संदिग्ध नांवें घेतलीं, असा खुलासा शार्लटनेंच १८५० सालीं केला.

१८४९ सालीं करर बेल याच नांवानें तिची ‘शर्ली’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. नायिका शर्ली कीलडार ही जमिनीची मालकीण. आईबापांना मुलगा हवा होता, झाली मुलगी. तेव्हां मुलासाठीं योजलेलें घराण्याचें नांवच त्यांनीं तिला दिलें. नायिकेला त्याचा अभिमान आहे. पुरुषाचें नांव व पुरुषाचें स्थान लाभलें, तर थोडा पुरुषी रुबाबहि शोभेल, असें मानून ती थट्टेनें स्वतःस ‘कॅप्टन कीलडार’ म्हणवून घेते. परंतु तिचें स्वातंत्र्य नांवामुळें नव्हतें. तत्कालीन इंग्रजी कायद्यानें विवाहित स्त्रीच्या मिळकतीचा ताबा पतीकडे जाई. शर्ली अविवाहित व धनवान् होती, एवढेंच. आणि कादंबरीच्या अखेरीस तिचाहि विवाह होतो. नांवानें तिला ऐट दिली. हक्क दिला नाहीं.

कादंबरीनंतर हें नांव मुलींना ठेवण्याची चाल पडली. १९२८ सालीं अमेरिकेंत शर्ली टेंपल जन्मली. बालनटी म्हणून तिची कीर्ति पसरल्यावर, १९३५ सालीं, त्या देशांतील नवजात मुलींच्या नांवांत ‘शर्ली’चा क्रमांक दुसरा लागला. मुलांच्या नांवांतून मात्र तें जवळजवळ नाहींसें झालें. १९०५ सालीं जन्मलेले शर्ली पोविच हे वॉशिंग्टनचे नामांकित क्रीडालेखक. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील प्रमुख स्त्रियांच्या परिचयकोशांतच त्यांची नोंद झाली! एव्हलिन, बेव्हर्ली या पुरुषनामांचीहि पुढें अशीच गत झाली.

मुलीला मुलाचें नांव मिळालें, तर तो तिचा गौरव समजला गेला. तेंच नांव मुलींचें झाल्यावर मुलाला देणें आईबापांना कमीपणाचें वाटूं लागलें. मुलींचें नांव मात्र मुलानें अभिमानानें घेतल्याचें या इतिहासांत क्वचितच आढळतें. पुरुषी नांवानें मुलीची योग्यता वाढते, या समजुतीच्या पोटांत स्त्रीत्व हेंच उणें, हा जुना ग्रह कायम राहिला. नांव बदललें, तो ग्रह बदलणें हें त्याहून पुष्कळ अवघड काम होतें.