रोशा गवत आणि गुलाबाची बनावट

मलकापूरच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यापलीकडे सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर. वऱ्हाड आणि खानदेश यांच्या या शिवेभोवतालच्या कोरड्या उतारांवर पावसाळ्याच्या अखेरीस एक उंच, सुगंधी गवत फुलोऱ्यावर येते. त्याचे पान चुरगळले की बोटांना गुलाबाची आठवण करून देणारा वास लागतो. हेच रोशा गवत. वैद्यकग्रंथांतले रोहिष, विदर्भातली तिखाडी. एकोणिसाव्या शतकात या गवताने थेट इस्तंबूलच्या अत्तरबाजारात शिरकाव केला, त्याची ही हकीकत.

गवत फुलले की ओढ्याकाठी भट्ट्या लागत. गावात नव्हे, ओढ्याकाठीच. कारण वाफ थंड करायला वाहते पाणी लागे. मोठ्या डेगीत गवत आणि पाणी भरून झाकण घट्ट लिंपीत. बांबूच्या नळीतून वाफ पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरे, निवे आणि तेल वर तरंगे. शंभर शेर गवतामागे एक शेर तेलही क्वचितच हाती येई.

खानदेश, निमाड आणि वऱ्हाडातले हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांकडे आणि तेथून इस्तंबूलला जाई. तेथे लिंबाच्या रसाचे पाणी घालून ते घुसळीत, उन्हात ठेवून त्याचा रंग फिका करीत आणि महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. युरोपच्या बाजारात त्याला ‘तुर्की जिरेनियमचे तेल’ असे नाव पडले. वस्तुतः ते तुर्की नव्हते आणि जिरेनियमचेही नव्हते!

१८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन याने या भारतीय गवताच्याच तेलातून एक सुगंधी अल्कोहोल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले. त्याचे नाव मात्र जिरेनिऑल. हेच द्रव्य गुलाबाच्या तेलातही असते. भेसळ करणाऱ्यांचे नाक रसायनशास्त्राच्या पुढे होते, असे म्हणायला हरकत नाही. श्रेय मात्र नावापुरतेही रोशाला मिळाले नाही.

पुढे १८८७ मध्ये पॅरिसला पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने सुगंधी तेलांचा काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) जंतूंवर काय परिणाम होतो हे तपासले आणि सुगंधाचा अभ्यास जंतुशास्त्राशी जोडला गेला. रोशातील जिरेनिऑल स्निग्ध पदार्थांत विरघळते. म्हणून ते जंतूच्या पेशीपटलात शिरते, पटल सैल होते आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपतात. ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुणही प्रयोगशाळेत दिसतो. तथापि तबकडीवर जंतू मरणे आणि माणसाचा रोग बरा होणे यांत मोठे अंतर आहे. समाजमाध्यमांवरील घरगुती उपाय वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

राहिले शास्त्रीय नाव: सिम्बोपोगॉन मार्टिनी. टिपूविरुद्धच्या युद्धाच्या वेळी कंपनीच्या सैन्यातील फ्रेंच अधिकारी क्लोद मार्तें याने बालाघाटातून या गवताचे बी नेले, लखनौला पेरले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने त्याचे नाव गवताला दिले. हा बालाघाट दक्षिणेतला. मलकापूरहून बुलढाण्याकडे चढताना लागतो तो वऱ्हाडी बालाघाट वेगळा. गुरे हे गवत अधाशासारखी खातात आणि त्यांच्या दुधालोण्यालाही त्याचा वास येतो, हे मार्तेंनेच तेव्हा कळवून ठेवले होते.